काचेला नावं कोणी ठेवली?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : जुनी घड्याळं

मागच्या अंकात चावीच्या जुन्या घड्याळांवर लेख होता, त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले ते निम्म्याहून जास्त काचेबद्दलच. मशीन कोणाचं, कोणत्या सालचं, हे कोणी विचारत नाही, पण विकणाऱ्याने काचेला काहीतरी इंग्रजी नाहीतर फ्रेंच नाव लावलं की माणूस बुचकळ्यात पडतो आणि बऱ्याचदा पैसे पण जास्त देऊन बसतो. म्हणून यावेळी सगळे काचेचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : आमच्या पणजोबांचं खिशातलं घड्याळ आहे, चांदीचं, किल्लीने चावी द्यायचं. काच एकदम वर फुगलेली आणि बरोब्बर मधोमध एक सपाट गोल. मला वाटायचं कोणीतरी घासून ठेवलंय, पण मुंबईच्या एका खरेदी करणाऱ्याने फोटो बघून लगेच विचारलं, बुल्स आय आहे का. हे काय प्रकरण आहे, बैलाचा काय संबंध? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : भाऊ, पहिले एक सांगतो, ती काच कोणाला पॉलिश करायला देऊ नका. तो गोल नंतर कोणी घासलेला नाही, काच बनली तेव्हाचाच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला जी जाडजूड घड्याळं निघायची, ज्यांच्या मशीनला व्हर्ज म्हणतात, त्यांच्यावर अशी उंच काच असायची, आणि ती जिथे सगळ्यात उंच तिथे घासून सपाट केलेली. इंग्रजीत गोल, मधोमध, डोळ्यासारखं काही दिसलं की त्याला बुल्स आय म्हणायची सवयच आहे. नेमबाजीच्या फळीवरचा मधला ठिपका बुल्स आय, जहाजाच्या डेकमध्ये बसवलेलं जाड भिंग बुल्स आय, जुन्या खिडकीच्या काचेत मधोमध गाठ राहायची ती पण बुल्स आय. घड्याळाच्या काचेला तेच चिकटलं. पोळ्याच्या बैलाशी काही घेणं नाही.

आता विषय निघालाच आहे तर याच्या भावकीतली बाकी नावं पण सांगून टाकतो, कारण तुमच्या घड्याळाची किंमत करायला जो येईल तो हीच नावं तोंडावर फेकणार. आधी काच बनायची कशी ते बघा. काचेचा मोठ्ठा फुगा फुंकायचा, गार झाला की त्यातनं गोल चकत्या कापायच्या, कडा घासायच्या, झाली काच. फुगा लहान असला की चकती जास्त फुगीर, फुगा मोठा असला की चकती चपटी, एवढं साधं गणित. पुढे घड्याळं पातळ व्हायला लागली, लोकांना कोटाच्या खिशात उंचवटा नको होता, मग काच पण खाली बसवावी लागली, आणि प्रत्येक नव्या आकाराला एक नवं नाव पडत गेलं.

लुनेट म्हणजे साधी, गोलसर, नेहमीसारखी फुगीर काच. शब्द फ्रेंच, अर्थ छोटा चंद्र. यात एक गंमत आहे, म्हणजे ज्याला फ्रान्समधनं पार्ट मागवायचाय त्याच्यासाठी गंमत नाही, डोकेदुखी आहे. फ्रेंच घड्याळवाला लुनेट म्हणतो तेव्हा त्याला काचेभोवतीची धातूची कडी म्हणायची असते, ज्याला आपण बेझल म्हणतो, आणि जुना इंग्रज दुकानदार लुनेट म्हणतो तेव्हा काच. तेव्हा काच मागवली आणि कडी आली असं होऊ शकतं, फोटो पाठवल्याशिवाय ऑर्डर करायची नाही.

लेंटील म्हणजे भिंगासारखी काच. भिंगाला लेन्स हे नाव मुळात मसुराच्या दाण्यावरनं पडलंय, लॅटिनमधला मसूर, तेच फ्रेंचमध्ये लेंटील, त्यामुळे तुमच्या डाळीचा आणि या काचेचा आकार एकाच घरातला आहे. शवे ही अजून एक जात, शेवे असंही कोणी म्हणतं. फ्रेंच कारागिरांच्या बोलीत शवे म्हणजे पोकळ करणं, खोदून घेणं. चपटी चकती तापवून साच्यावर बसवायची म्हणजे मधला भाग सपाट राहतो आणि कडा खाली वळतात, काट्यांना जागा मिळते आणि घड्याळ पण उंच दिसत नाही. मी-कॉन्केव्ह नावाची एक आहे, त्यातलं मी म्हणजे फ्रेंच अर्धं, कॉन्केव्ह म्हणजे खोलगट. आणि जिनिव्हा म्हणजे पातळ, जराशीच फुगलेली काच. हे नाव सरळ गावाचं, जसं आपण येवल्याची म्हटलं की पैठणी कळते तसं व्यापाऱ्यांनी जिनिव्हा म्हटलं की पातळ काच कळायची.

सगळी नावं फ्रेंचच का असं विचाराल तर घड्याळाचा धंदा जिनिव्हा, जुरा या फ्रेंच बोलणाऱ्या डोंगराळ पट्ट्यात वाढला आणि काच बनवणारे मोठे कारखाने लोरेन भागात होते, गोएत्झेनब्रुक नावाच्या गावातनं एकोणिसाव्या शतकात घड्याळाच्या काचा जगभर जायच्या. खोक्यावर जे छापून आलं तेच लंडनच्या दुकानात बोललं जायला लागलं. ही नावं मला आवडतात खरं सांगायचं तर, कारण ती कारागिराने ठेवलेली आहेत, आकार बघून, कामापुरती. पुढे बघा काय होतं ते.

अजून एक, ज्यांनी सायन्स घेतलं होतं त्यांना आठवेल, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये खोलगट काचेची बशी असते, तिच्यावर पावडर ठेवतात नाहीतर बीकरवर झाकण म्हणून टाकतात, तिचं नाव वॉच ग्लास. ती हीच. खिशातल्या घड्याळाची काच लॅबवाल्यांनी उचलली आणि नाव पण तसंच उचललं, आता घड्याळावरनं ती काच गेली आणि लॅबमध्ये राहिली.

फक्त भाऊ, बुल्स आय आहे म्हणून घड्याळ दोनशे वर्षांचं असं धरून चालू नका. घड्याळात सगळ्यात जास्त वेळा बदलला जाणारा भाग काच. साल ठरवायचं तर आत मशीनवर नाव, नंबर आणि चांदीवरचे छाप बघा, काच शेवटी.

प्रश्न : घड्याळाच्या काचेला इंग्रजीत क्रिस्टल का म्हणतात? काच तर काच असते. आणि आमच्या घरच्या घड्याळावर क्वार्ट्झ लिहिलंय, म्हणजे त्याची काच क्वार्ट्झची आहे का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : ताई, दुसरा आधी घेतो, तो सोपा आहे. नाही. डायलवरचं क्वार्ट्झ काचेबद्दल नाही, आतल्या मशीनबद्दल आहे. आत क्वार्ट्झचा एक बारीकसा चिमटा असतो, सेलच्या विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ मोजली जाते. अशी हातातली पहिली घड्याळं सेको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात टोकियोत विकायला काढली. वर काच साधीच.

पण क्रिस्टल नावामागे क्वार्ट्झ आहे हे मात्र खरं. सोळाव्या शतकात जी सुरुवातीची अंगावर बाळगायची घड्याळं होती त्यांच्यावर काच नव्हतीच, पितळी नाहीतर सोन्याचं झाकण असायचं, त्यालाच जाळी कापलेली, आणि काटा पण एकच. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी झाकण स्फटिकाचं करून घेतलं, म्हणजे नैसर्गिक पारदर्शक क्वार्ट्झ, ज्याला इंग्रजीत रॉक क्रिस्टल म्हणतात. काही ठिकाणी तर अख्खी डबीच स्फटिकातनं कोरलेली, अशी घड्याळं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बघायला मिळतात. याच्याही वरताण म्हणजे १९१२ साली लंडनच्या चीपसाईड भागात एका घराच्या तळघरात मजुरांना पुरलेले दागिने सापडले, त्यात एक घड्याळ एकाच मोठ्या पाचूमध्ये बसवलेलं निघालं, पाचू कोलंबियाचा. मग सतराव्या शतकात काच आली, स्वस्त पडली, स्फटिक गेला आणि क्रिस्टल हा शब्द मागे राहिला. त्यात व्हेनिसवाले आपल्या स्वच्छ बिनरंगी काचेला आधीपासनंच क्रिस्टालो म्हणत होते, म्हणजे स्फटिकासारखी, तेव्हा काचेला क्रिस्टल म्हणणं कोणाला खटकलं पण नसेल. इंग्लंडमध्ये अजून वॉच ग्लासच जास्त म्हणतात, क्रिस्टल हे अमेरिकेत जास्त चालतं, आणि आता इंटरनेटमुळे सगळीकडे.

जाता जाता, तुम्ही जळगावच्या म्हणून सांगतो. आपल्या सावद्याकडच्या खाणींत जे सुंदर हिरवट पांढरे खडे निघतात आणि परदेशात चांगल्या भावाने जातात ते अपोफिलाईट, स्टिल्बाईट वगैरे, ते घड्याळावरचं स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ नव्हे. ते घड्याळावर टिकणार नाहीत, काचेपेक्षाही मऊ असतात.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर. नोकरीत असताना घेतलेलं एचएमटी जनता अजून वापरतो. काचेवर चरे पडलेत. इथला घड्याळवाला म्हणतो अनब्रेकेबल टाकून देतो. मुलगा मोबाईलवर बघून सांगतो हेसालाईट घ्या ते भारी असतं. एका ठिकाणी प्लेक्सी लिहिलंय, एका ठिकाणी ॲक्रिलिक. चार वस्तू आहेत की एकच? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आबा, एकच. चारी नावं एकाच प्लास्टिकची, आणि तुमच्या जनतावर कंपनीतून जी आली होती ती पण तीच. घड्याळवाला बरोबर सांगतोय, मुलगा पण चुकीचं सांगत नाहीये, फक्त हेसालाईट म्हटल्यावर जो भाव वाढतो तो देऊ नका.

ही नावं कारागिराची नाहीत, विकणाऱ्याची आहेत, आणि तो फरक इथे सगळ्यात जास्त कळतो. अनब्रेकेबल हे सगळ्यात जुनं. हातातली घड्याळं आली आणि काचा धडाधड फुटायला लागल्या, खिशातलं घड्याळ खिशात सुरक्षित होतं, मनगटावरचं दारावर आपटतं, सायकलच्या हँडलवर आपटतं, पहिल्या महायुद्धात तर खंदकात काय काय झालं असेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जर्मानो-सायमन नावाची कंपनी १९१६ साली निघाली, तिने प्लास्टिकच्या न फुटणाऱ्या काचा विकायला सुरुवात केली. आजही घड्याळवाल्यांच्या टेबलावर सुईसारख्या तोंडाची गोंदाची ट्यूब दिसते ना, जी-एस हायपो सिमेंट, त्यातलं जी-एस म्हणजे तेच जर्मानो आणि सायमन. पण त्या काळातलं प्लास्टिक सेल्युलॉइडच्या जातीचं, फुटायचं नाही पण काही वर्षांत पिवळं पडायचं, जुन्या घड्याळाची काच हळदीच्या रंगाची झालेली दिसली तर बहुतेक तेच.

मग १९३० च्या दशकात ॲक्रिलिक आलं आणि एकाच वेळी दोन-तीन देशांत आलं, म्हणून नावांचा सुळसुळाट. जर्मनीत डार्मस्टाटच्या ऑटो रोम यांच्या कंपनीने १९३३ साली प्लेक्सिग्लास हे नाव रजिस्टर केलं. इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीने त्यालाच पर्स्पेक्स म्हटलं, लॅटिनमध्ये आरपार बघणं असा काहीसा अर्थ निघतो. अमेरिकेत ड्यूपाँटने ल्युसाईट म्हटलं, त्यात लॅटिनचा उजेड आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची पायलटवरची टोपणं याचीच बनली. युद्ध संपल्यावर घड्याळवाल्यांनी ते भरपूर वापरलं, स्वित्झर्लंडने वापरलं, जपानने वापरलं, आणि १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझनबरोबर बंगलोरला कारखाना टाकला तेव्हा आपल्याकडे पण तेच आलं. जनता, पायलट, सोना, सगळ्यांवर.

हेसालाईट हे त्याच ॲक्रिलिकचं अजून एक नाव आणि ते गाजलं ओमेगाच्या स्पीडमास्टरमुळे. नासाने १९६५ साली ते घड्याळ अंतराळवीरांसाठी पास केलं. तिथे काचेचं दुखणं वेगळं असतं, वजन नसलेल्या जागेत काच फुटली तर तिचे कण हवेत तरंगत राहतात, डोळ्यात जातील, नाकात जातील, यंत्रात जातील, ॲक्रिलिक तडकलं तरी असा चुरा होत नाही. म्हणून ते. खऱ्या ओमेगाच्या त्या काचेवर मधोमध कंपनीचं बारीक चिन्ह असतं, नखाएवढं पण नाही, आडवं धरून उजेडात बघितलं तरच दिसतं. आता हे वाचून विकणारे प्रत्येक प्लास्टिक काचेला हेसालाईट म्हणायला लागलेत, तुमच्या जनतालाही उद्या चंद्रावर नेतील.

चरे बारीक असतील तर आबा, काच बदलायची पण गरज नाही. साधी पांढरी टूथपेस्ट मऊ कपड्यावर घ्या, जेल नको, गोल गोल घासा, मग ओल्या कपड्याने पुसा. ॲक्रिलिक मऊ असतं म्हणून लवकर चरतं आणि मऊ असतं म्हणूनच घासून साफ होतं. घासताना काचेच्या कडेतनं पाणी आत जाणार नाही एवढं बघा. भेगा असतील तर मात्र बदला, भेगेतनं वैशाखातली धूळ आत जाते आणि मग मशीन धुवायला टाकावं लागतं.

प्रश्न : ऑनलाइन एका जुन्या स्विस घड्याळाखाली आर्मर्ड क्रिस्टल लिहिलंय. बुलेटप्रूफ असतं का? (कॉलेज विद्यार्थी, धुळे)

उत्तर : नाही रे बाबा. फ्रेंचमध्ये आर्मे म्हणजे आधार देऊन मजबूत केलेलं, त्याचं इंग्रजीत आर्मर्ड झालं आणि लोकांना रणगाडा आठवायला लागला. ही पण ॲक्रिलिकच, फक्त आतल्या बाजूने कडेला धातूची बारीक रिंग, सोनेरी नाहीतर रुपेरी. रिंगमुळे काच केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या डबीत, घट्ट बसते, पाणी कमी शिरतं. आपल्याकडचे घड्याळवाले सरळ रिंगवाली काच म्हणतात आणि मला तेच नाव जास्त पटतं. बसवायची पद्धत वेगळी हे लक्षात ठेव, साधी ॲक्रिलिक पंज्यासारख्या हत्याराने कडेने आवळून बसवतात, रिंगवाली आवळत नाही, ती प्रेसमध्ये दाबून बसवावी लागते, कोणी पंजा घेऊन आला तर घड्याळ काढून घे त्याच्याकडनं.

प्रश्न : नवीन घड्याळ घेतलं, त्यावर सफायर क्रिस्टल आहे. सफायर म्हणजे नीलम ना? मला साडेसाती चालू आहे, घरचे म्हणतात नीलम असा विचारल्याशिवाय घालू नये. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : दादा, साडेसातीचं शनिमांडळला जाऊन विचारा, ते तुम्हाला जवळच आहे. वस्तूपुरतं सांगतो. सफायर काच म्हणजे कारखान्यात बनवलेलं कोरंडम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. खाणीतला नीलम पण तेच, पण त्याचा निळा रंग लोखंड आणि टायटॅनियमच्या किंचितशा अंशामुळे येतो, तो अंश यात नसतो म्हणून ही काच पाण्यासारखी. बनवायची पद्धत ऑग्युस्त व्हर्नोई या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२ साली जाहीर केली, आधी माणिक मग नीलम. नाव इथे खोटं नाही, विकणाऱ्याने ठेवलेलं असलं तरी. कठीणपणाच्या मोजमापात हिऱ्याला १० धरतात, सफायरला ९, वाळूतल्या क्वार्ट्झला ७, साध्या काचेला, जिला घड्याळवाले मिनरल म्हणतात, साडेपाच-सहा आणि ॲक्रिलिकला ३ च्या आसपास. तापीची वाळू मिनरल काचेला ओरखडते, सफायरला नाही. सेको ज्याला हार्डलेक्स म्हणते ती कडक केलेली मिनरल काच, सफायर नव्हे, नाव ऐकून फसू नका.

तारखेवर बारीक भिंग असेल तर त्याला सायक्लॉप्स म्हणतात, ग्रीक गोष्टीतल्या एकडोळ्या राक्षसावरनं. रोलेक्सने १९५० च्या दशकात आणलं, तारीख अडीचपट मोठी दिसते.

प्रश्न : जुन्या फाव्र ल्यूबा या स्विस घड्याळाची काच हवीये. पाचोऱ्यात मिळत नाही. जळगावला एका जुन्या घड्याळवाल्यांना फोन केला तर म्हणाले, किती लाईनचं आहे ते सांगा. मी काय सांगू, आणि लाईन म्हणजे काय? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : लाईन म्हणजे लिग्न, जुन्या फ्रेंच इंचाचा बारावा भाग, २.२५६ मिलिमीटर. फ्रान्सने मीटर आणून दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी घड्याळाच्या मशीनचं माप अजून त्यातच सांगतात. पण ते मशीनचं माप आहे, काचेचं नाही. त्यांना मशीन कळलं तर बहुतेक केस कोणती ते अंदाजाने कळेल आणि मग ते डब्यातनं दोन-चार काचा काढून लावून बघतील, जुन्या लोकांचा हात तसा बसलेला असतो.

तुम्ही मात्र फोनवर माप सांगताना काचेचाच व्यास सांगा, मिलिमीटरमध्ये आणि दशांशासकट, कारण काचा दशांश मिलिमीटरच्या फरकाने येतात आणि ३०.२ च्या जागी ३०.५ घातली तर कडी बसत नाही. जुनी काच फुटून गेली असेल तर केसमधली खाच मोजून घ्या, कोणत्याही सोनाराकडे बारीक मोजायचा व्हर्नियर असतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्याबरोबर काच चपटी होती की फुगलेली, आत रिंग होती का, एवढं सांगितलं की पुरे. मधला काटा उंच असेल तर चपटी काच लावू देऊ नका, काटा काचेला घासतो आणि घड्याळ बंद पडतं, मग लोक मशीन उघडून बसतात.